माया किती सोडली?

बायॉप्सीचा रिपोर्ट हातात पडला त्या संध्याकाळी मी नात्यातल्या सगळ्यांना फोन करून सांगितलं, "आईला दुसऱ्या स्टेजचा स्तनाचा कॅन्सर आहे." रिपोर्टात 'ग्रेड 2' लिहिलेलं होतं आणि ग्रेड म्हणजेच स्टेज असं मी धरून चालले होते. चौथ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, स्टेज अजून ठरलेलीच नाही, स्कॅन व्हायचे आहेत. मग तेच सगळे फोन पुन्हा केले. या खेपेला कुणाचा विश्वास बसेना. मावशीला तर वाटलं, आजार वाढलेला आहे आणि मी लपवते आहे. एका शब्दाच्या गैरसमजाने घरभर संशय पसरला, तो निवळायला दोन आठवडे लागले.

त्यानंतर मी एक वही केली. डाव्या पानावर डॉक्टरांच्या तोंडचा किंवा कागदावरचा शब्द, उजव्या पानावर त्याचा आम्हाला कळलेला अर्थ. उजवं पान आईला वाचून दाखवायचं आणि तिला पटलं तरच तो शब्द कळला असं समजायचं, हा नियम आईनेच घातला. आईने पस्तीस वर्षं शिवणकाम केलं. ती इंग्रजी फारसं वाचत नाही, पण मोजमापाचं काहीही तिला दोनदा सांगावं लागत नाही.

ग्रेडचा अर्थ तिला माझ्या आधी उमगला. पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली तीन गोष्टी बघतात: पेशींनी मूळची नळ्यांसारखी रचना कितपत टिकवली आहे, पेशींची केंद्रकं किती वेडीवाकडी आहेत, आणि किती पेशी विभागताना दिसतात. प्रत्येकाला 1 ते 3 गुण. बेरीज 3 ते 5 आली तर ग्रेड 1, 6 किंवा 7 आली तर 2, 8 किंवा 9 आली तर 3. आईची बेरीज 7 होती. स्टेज मात्र आजार शरीरात कुठवर गेला आहे ते सांगते. आई म्हणाली, "म्हणजे ग्रेड ही कापडाची वीण किती बिघडली त्याची आणि स्टेज डाग किती पसरला त्याची." वहीत मी हेच लिहिलं. पुढे ज्यांना ज्यांना समजावून सांगितलं, त्यांनाही हेच सांगितलं.

त्याच रिपोर्टात 'इन्व्हेसिव्ह कार्सिनोमा' होतं आणि खाली 'इन सिटू' असाही एक घटक नोंदवलेला होता. डॉक्टर पहिल्या भेटीत 'कार्सिनोमा'च म्हणत राहिले. हा शब्द म्हणजे कॅन्सरच, हे आईच्या लक्षात यायला ती भेट संपावी लागली. बाहेर आल्यावर तिने विचारलं, "कॅन्सर नाही ना म्हणाले?" मला त्या क्षणी बोलता आलं नाही. आपल्याकडे गाठ, ट्यूमर, कार्सिनोमा, मॅलिग्नन्सी आणि कॅन्सर हे शब्द एकाच दमात येतात, पण ते एकच नव्हेत. ट्यूमर साधाही असतो. मॅलिग्नंट म्हणजे कॅन्सरचा. कार्सिनोमा म्हणजे अवयवांच्या अस्तरातल्या किंवा ग्रंथींतल्या पेशींपासून सुरू होणारा कॅन्सर. 'इन सिटू' म्हणजे जागच्या जागी, दुधाच्या नळीच्या आतच राहिलेला. 'इन्व्हेसिव्ह' म्हणजे नळीची भिंत ओलांडून शेजारच्या भागात शिरलेला. आम्ही इन्व्हेसिव्हचा अर्थ 'सगळीकडे पसरलेला' असा घेतला होता आणि एक आख्खी रात्र त्या चुकीच्या अर्थाखाली काढली.

मग स्कॅन झाले आणि टी, एन, एम ही तीन अक्षरं आली. फ्रान्सच्या पियर देनुआ यांनी 1940च्या दशकात मांडायला घेतलेली ही पद्धत आज जगभर वापरतात. टी म्हणजे मूळ गाठ, एन म्हणजे लसिका ग्रंथी, एम म्हणजे दूरच्या अवयवांत पोचणं. आईचं टी 2, एन 1, एम 0. गाठ 3.1 सेंटिमीटर होती. 2 च्या वर आणि 5 पर्यंत असली की टी 2. स्टेज निघाली 2 बी. म्हणजे माझा पहिला फोन योगायोगाने खरा ठरला होता. त्याचा मला काही आनंद झाला नाही.

इथे आपल्या भाषेतला एक शब्द आडवा आला. डॉक्टर म्हणाले, "काखेतल्या गाठींपैकी एकीत आजार आहे." आई घाबरून गप्प झाली. घरी आल्यावर म्हणाली, "छातीत एक होती, आता काखेत किती आहेत?" मराठीत ट्यूमरही गाठ आणि लसिका ग्रंथीही गाठच. लसिका ग्रंथी प्रत्येकाच्या काखेत असतात, चांगल्या वीसेक तरी, आणि त्यांचं काम शरीराला जपण्याचं. मी वहीत 'जन्मापासूनच्या गाठी' आणि 'आजाराची गाठ' असे दोन वेगळे शब्द केले. पुढच्या भेटीत आईने डॉक्टरांसमोर हेच शब्द वापरले. मग तेही तसंच बोलायला लागले.

सगळ्यात जास्त थकवलं ते 'पॉझिटिव्ह' आणि 'निगेटिव्ह'ने. ईआर पॉझिटिव्ह, पीआर पॉझिटिव्ह: म्हणजे कॅन्सरच्या पेशींत हार्मोन पकडणारे ग्राहक (रिसेप्टर) आहेत, तेव्हा हार्मोन रोखणारं औषध लागू पडेल. ही बऱ्यापैकी चांगली बातमी. ग्रंथी पॉझिटिव्ह: म्हणजे तिथे आजार पोचला आहे, ही वाईट. हर-टू या प्रथिनाचा निकाल 2+ आला आणि पुढे लिहिलेलं, 'इक्विव्होकल'. शून्य आणि 1+ म्हणजे निगेटिव्ह, 3+ म्हणजे पॉझिटिव्ह, आणि 2+ म्हणजे अजून सांगता येत नाही. त्यासाठी फिश नावाची तपासणी असते. तिच्यात त्या जनुकाच्या प्रती चमकत्या खुणा लावून मोजतात. निकालाला नऊ दिवस लागले. तो आला, 'अँप्लिफाइड', म्हणजे प्रती गरजेपेक्षा जास्त, म्हणजे हर-टू पॉझिटिव्ह.

हे चांगलं की वाईट? मी हा प्रश्न डॉक्टरांना तसाच विचारला आणि त्यांनी जे उत्तर दिलं त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. ते म्हणाले, हर-टू पॉझिटिव्ह आजार स्वभावाने आक्रमक असतो. पूर्वी ही वाईट बातमी होती. 1998 मध्ये ट्रास्टुझुमॅब या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली आणि तेव्हापासून चित्र बदललं, कारण ज्या प्रथिनामुळे आजार जोर करतो त्यालाच आता पकडता येतं. "म्हणून चांगलं-वाईट असं विचारू नका," ते म्हणाले, "यावर औषध कोणतं आहे, ते विचारा." त्या दिवसापासून कोणताही रिपोर्ट आला की आमचा पहिला प्रश्न ठरला: याने उपचारात काय बदलतं?

ट्रास्टुझुमॅबचा हृदयावर परिणाम होऊ शकतो, म्हणून आधी आणि मधूनमधून इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी करतात. त्यावर 'ईएफ 60 टक्के' असं आलं. आई दोन दिवस धास्तावलेली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "हृदय चाळीस टक्के बिघडलंय आणि तुम्ही कुणी बोलत नाही." ईएफ म्हणजे एका ठोक्याला हृदयाचा डावा कप्पा त्यातल्या रक्तापैकी किती टक्के बाहेर ढकलतो ते. निरोगी माणसाचं हृदयही सगळं रक्त ढकलत नाही. साधारण 55 ते 70 टक्के असलं की उत्तम. शंभरपैकी साठ पाहिलं की आपल्याला परीक्षेचे गुण आठवतात. कागदावर शेजारी 'नॉर्मल' एवढं लिहिलं असतं, तर तिचे ते दोन दिवस वाचले असते.

शस्त्रक्रियेआधी किमो द्यायचं ठरलं. अशा उपचाराला निओअॅड्ज्युवंट म्हणतात आणि शस्त्रक्रियेनंतरच्याला अॅड्ज्युवंट. नातेवाइकांना वाटलं, ऑपरेशन होण्यासारखं उरलं नाही म्हणून किमो देताहेत. प्रत्यक्षात ट्यूमर बोर्डाने, म्हणजे सर्जन, किमोचे डॉक्टर, रेडिएशनचे डॉक्टर, पॅथॉलॉजिस्ट यांनी एकत्र बसून, मुद्दाम हा क्रम निवडला होता. गाठ आकसली तर स्तन वाचवता येतो. शिवाय औषध लागू पडतं की नाही ते डोळ्यांसमोर दिसतं.

किमोच्या काळातला एक शब्द मी जन्मात विसरणार नाही: 'नादिर'. सिस्टरांनी पहिल्या सायकलनंतर (किमोच्या एका फेरीला सायकल म्हणतात) एका कागदावर 'दिवस 7 ते 14, नादिर' असं लिहून खाली रेघ मारून दिली होती. नादिर म्हणजे तळ, पांढऱ्या पेशी सर्वांत खाली जाण्याचे दिवस. दुसऱ्या सायकलच्या अकराव्या रात्री आईला 100.6 ताप आला. एरवी आम्ही गोळी देऊन सकाळची वाट पाहिली असती. तो कागद फ्रिजवर लावलेला होता, त्यावर '100.4 च्या वर ताप आल्यास लगेच या' असंही होतं. रात्री एक वाजता निघालो. एकूण पांढऱ्या पेशी 1,900 आणि त्यातल्या जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल 20 टक्के, म्हणजे 380. त्याला एएनसी म्हणतात आणि ती 500 च्या खाली गेली की साधा जंतुसंसर्गही जिवावर बेतू शकतो. अँटिबायोटिक लगेच शिरेतून सुरू झालं. मी त्या रात्री तो गुणाकार पाचदा केला असेन. सकाळी डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात. बाकीचे शब्द उशिरा कळले असते तरी कदाचित चाललं असतं. हा मात्र किमो घेणाऱ्या प्रत्येकाच्या घरी पहिल्या दिवशीच कळलेला असावा.

किमो संपत आल्यावर एमआरआय झाला. रिपोर्टात 'पीआर'. मी म्हटलं, हे तर माहीत आहे, हार्मोनचा ग्राहक. पण या कागदावर पीआर म्हणजे पार्शल रिस्पॉन्स, अंशतः प्रतिसाद. तीच दोन अक्षरं, तोच रुग्ण, तीच फाइल! अर्थ मात्र निराळा. गाठींच्या मापांची बेरीज 30 टक्क्यांनी किंवा त्याहून जास्त घटली की पार्शल रिस्पॉन्स म्हणतात. आईची गाठ 3.1 वरून 1.2 वर आली होती. 'पार्शल' ऐकून आईला वाटलं, औषध अर्धवट लागू पडलं. मी टेप आणून दोन्ही मापं कापडावर आखून दाखवली, तेव्हा तिचा चेहरा उजळला.

त्याच दिवशी बाहेरच्या बाकावर एक माणूस भेटला. माझ्याच वयाचा. फोनवर घरी सांगत होता, "बाबांच्या रिपोर्टमध्ये प्रोग्रेस लिहिलंय. हो, प्रोग्रेसिव्ह. बरं चाललंय." बोलताना त्याचा आवाज भरून आला होता. माझ्या वहीत तो शब्द होता. प्रोग्रेसिव्ह डिसीज म्हणजे आजार वाढला. आपण मुलांच्या अभ्यासाला, कामाला प्रोग्रेस म्हणतो ते माणसाच्या बाजूने. कॅन्सरच्या कागदावर तो शब्द आजाराच्या बाजूने लिहिलेला असतो. सांगावं की नाही, मला कळेना. रिपोर्ट मी वाचला नव्हता आणि वाचायचा मला अधिकारही नव्हता. त्याने फोन ठेवल्यावर मी एवढंच म्हटलं, "आत गेलात की डॉक्टरांना विचारा, गाठ वाढली की कमी झाली? एवढंच विचारा." तो माझ्याकडे बघत राहिला. अर्ध्या तासाने बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात दुसऱ्या औषधाची चिठ्ठी होती. तो माझ्यासमोर थांबला, मान हलवली आणि गेला. त्याला कुणीतरी आपल्या भाषेत, शांतपणे, आधीच सांगायला हवं होतं. ते कुणी सांगितलं नाही, याचा मला अजूनही राग येतो.

शस्त्रक्रियेनंतरच्या रिपोर्टात 'मार्जिन निगेटिव्ह' आलं. सर्जन समजावू लागले, काढलेल्या तुकड्याच्या कडेला शाई लावतात, शाईपर्यंत कॅन्सरच्या पेशी पोचलेल्या नसल्या तर... आईने त्यांना मध्येच थांबवलं. "म्हणजे माया किती सोडली, तेच ना?" सर्जनना 'माया' कळेना. तिने आपल्या ओढणीची शिवण उलटून दाखवली: शिवणीच्या पलीकडे ठेवलेलं जास्तीचं कापड म्हणजे माया, ती नसली तर शिवण उसवते. सर्जन क्षणभर थांबून म्हणाले, "अगदी तेच, काकू. गाठीभोवती निरोगी भागाची माया ठेवून काढलंय." वहीचं ते पान तिने स्वतःच्या हाताने लिहिलं आहे.

टी, एन, एम च्या आधी आता 'वायपी' लागलं होतं. सुरुवातीला सी होतं, म्हणजे तपासणी आणि स्कॅनवरून बांधलेला अंदाज. पी म्हणजे काढलेला भाग प्रत्यक्ष तपासून. वाय म्हणजे आधी उपचार झालेले आहेत. 6 मिलिमीटर आजार उरला होता. पीसीआर, म्हणजे काढलेल्या भागात आणि ग्रंथींत इन्व्हेसिव्ह कॅन्सर अजिबात न सापडणं, ते आम्हाला मिळालं नाही. (कोविडच्या पीसीआरशी याचा काही संबंध नाही, हे मला तीन नातेवाइकांना सांगावं लागलं.)

म्हणून औषध बदलायचं ठरलं: ट्रास्टुझुमॅब एमटान्सिन, दर तीन आठवड्यांनी, 14 वेळा. मी घरी शोधलं. कॅथरीन नावाच्या चाचणीत 1,486 रुग्णांवर हे तपासलं होतं, सगळ्यांचा आईसारखाच थोडा आजार उरलेला. निष्कर्षात होतं, इन्व्हेसिव्ह आजार परतण्याचा किंवा मृत्यूचा धोका 50 टक्क्यांनी कमी. मी धावत जाऊन आईला सांगितलं. तिने सुई बाजूला ठेवली आणि विचारलं, "निम्मा म्हणजे कशाचा निम्मा?"

हा प्रश्न मला सुचला नव्हता. परत जाऊन आकडे पाहिले. तीन वर्षांनी इन्व्हेसिव्ह आजार न परतता हयात असलेल्या रुग्णांचं प्रमाण जुन्या औषधावर 77 टक्के, नव्या औषधावर 88.3 टक्के. म्हणजे शंभरातल्या साधारण 23 जणींऐवजी 12 जणींना हे भोगावं लागलं. 'निम्मा' खराच होता, पण फरक शंभरात अकरा जणींचा. 77 जणींचं जुन्या औषधावरही निभावलं आणि 12 जणींना नवंही पुरलं नाही. पहिल्या आकड्याला सापेक्ष म्हणतात, दुसऱ्याला निरपेक्ष. दोन्ही एकाच अभ्यासातले. आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "अकरा पुष्कळ आहेत. घेऊ." आकडा कळून घेतलेला निर्णय होता तो, म्हणून पुढे प्लेटलेट कमी झाल्या, थकवा आला, तेव्हा तिने एकदाही 'कशाला घेतलं' असं म्हटलं नाही.

संशोधनातले शब्द आम्हाला त्याआधीच एकदा भेटले होते. पॅक्लिटॅक्सेल हे किमोचं औषध चालू असताना हातापायांना मुंग्या येतात. ते टाळायला थंडगार हातमोजे घालून बघण्याचा अभ्यास चालू होता, त्यात भाग घ्याल का, असं विचारलं गेलं. माहितीपत्रकात 'रँडमाइझ्ड' होतं: कोणाला हातमोजे मिळतील ते संगणक ठरवणार, डॉक्टरही नाही, कारण डॉक्टरांनी निवडलं तर ते नकळत ठरावीक रुग्णांनाच देतील आणि तुलना खोटी पडेल. 'आर्म' म्हणजे गट. आईने हात पुढे केला होता. ती 'कंट्रोल आर्म'मध्ये गेली, म्हणजे तुलनेच्या, बिनमोज्यांच्या गटात. नेहमीचे उपचार तिला पूर्ण मिळतच होते, आणि कधीही बाहेर पडता येईल, त्याने उपचारांवर परिणाम होणार नाही, हे संमतीपत्रात स्पष्ट होतं. मला वाईट वाटलं. ती म्हणाली, "मोजे न घालणारं कुणी नसेल, तर मोज्यांनी काय झालं ते कळणार कसं?"

तिला मुंग्या आल्याच, दुखणंही लागलं. ते आटोक्यात आणायला डॉक्टरांनी पॅलिएटिव्ह विभागात पाठवलं. दारावरची पाटी मी वाचून दाखवली आणि ती मागे फिरली. शेजारच्या बाईंनी तिला सांगितलं होतं, तिथे शेवटचे पाठवतात. मलाही तसंच वाटायचं. तिथल्या डॉक्टर स्वतः बाहेर आल्या, आईशेजारी बाकावर बसल्या. म्हणाल्या, हा शब्द लॅटिनमधल्या पांघरुणावरून आलाय. आई म्हणाली, "पांघरूण घालणं म्हणजे झाकणंच की. दुखणं झाकायचं आणि मूळ तसंच ठेवायचं?" डॉक्टर हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तुमच्या मूळ आजारावरचे उपचार चालूच राहतील. मी तुम्हाला थंडी वाजते आहे म्हणून पांघरूण देते आहे." 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या 151 रुग्णांपैकी ज्यांना सुरुवातीपासून ही मदत मिळाली त्यांचं जगणं तर सुसह्य झालंच, शिवाय ते सरासरीने अधिक काळ जगले, हे मी नंतर वाचलं. आई मात्र त्या एका वाक्यावरच आत गेली होती.

रेडिएशनबद्दल थोडंच. आपल्याकडे 'शेक दिला' म्हणतात, कुणी 'लाइट दिली' म्हणतात. शेक म्हटल्यावर आई भाजण्याच्या तयारीने गेली. तिथे झोपल्यावर काहीच जाणवत नाही. 40 ग्रे (ग्रे हे किरणांचं माप) एकूण मात्रा, 15 फ्रॅक्शनमध्ये, म्हणजे पंधरा दिवसांत वाटून. त्वचा शेवटी थोडी काळवंडली.

आता लेट्रोझोल या हार्मोन रोखणाऱ्या औषधाची रोजची गोळी चालू आहे. मागच्या तपासणीत 'एनईडी' आलं, आजाराचा पुरावा सापडत नाही. 'बरी झाली' असं लिहीत नाहीत, कारण तपासण्यांना दिसेल तेवढंच त्या सांगू शकतात. मी नातेवाइकांना जसंच्या तसं कळवलं, 'सध्या कुठेही आजार दिसत नाही,' आणि या खेपेला फोन एकदाच करावा लागला.

या गोळीने हाडं ठिसूळ होऊ शकतात, म्हणून परवा त्यांची घनता मोजली. 'टी-स्कोअर उणे 1.8.' मी वही उघडून पेन काढेपर्यंत आईने डॉक्टरांना विचारलंसुद्धा:

"हा टी तो गाठीचा टी नव्हे ना? आणि याने उपचारात काय बदलतं?"